कडपा भिजल्या त्या हिवाळ्यात

‘अगं, कसलं हे शेतीचं वेड! विकून टाका नि ब्रह्मपुरीत छानसं घर बांधा.’ आमच्या कॉलनीतल्या मैत्रिणींनी हे मला किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणतीच नाही. त्यांचं चुकत होतं असंही नाही. लग्न होऊन आले तेव्हा मीही हेच म्हणत होते. माझं माहेर चंद्रपूर शहरातलं. वडील खाणीच्या कचेरीत कारकून. तांदूळ दुकानातून पिशवीत येतो, एवढीच धानाची नि माझी ओळख.

सासरचं गाव नागभीड तालुक्यात, जंगलाला लागून. ब्रह्मपुरीहून स्कूटरनं पाऊण तास लागतो. तिथं आमची पाच एकर धानाची जमीन. मामाजी, म्हणजे माझे सासरे, २०२० साली गेले आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली. मामीजींचं, माझ्या भासऱ्यांचं आणि यांचं. भासरे नागपूरला नोकरीत. हे ब्रह्मपुरीतल्या एका पतसंस्थेत. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जमीन ठेक्यानं दिलेली होती. वर्षाला काही पोती धान यायचं, तेही कधी पूर्ण, कधी निम्मं.

२०२१ च्या जूनमध्ये ठेकेदारानं जमीन सोडली. दुसरा मिळेना. मामीजी गावातल्या घरी एकट्याच राहत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘पडीक नोका ठेवू बापा. पडीक जमिनीले बाप मेल्यावानी कळा येते.’’ झालं! अर्धी जमीन आपण करून पाहायची असं ठरलं नि आमच्या घरात शेती शिरली.

‘शेती उभी केली’ असं लोक म्हणतात तेव्हा ट्रॅक्टर, बोअरवेल, तारेचं कुंपण असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. पहिला हिवाळा नुसते धुरे बांधण्यात गेला. धुरे म्हणजे बांधीभोवतीचे मातीचे बांध. खेकड्यांनी नि उंदरांनी त्यांची चाळण केली होती, पाणी एका रात्रीत निघून जायचं. रविवार आला की डबा, पाण्याची कळशी नि दोन्ही मुलं घेऊन आम्ही जायचो आणि माती थापायचो. दुसऱ्या वर्षी त्या धुऱ्यांवर तूर लावली. बांबू नि तणसाची एक खोपडी उभारली. सहा गावठी कोंबड्या घेतल्या, त्यातल्या चार मुंगसानं नेल्या. घरामागच्या सांदवाडीत मामीजींनी वांगी, मिरच्या, सांबार आणि पोपटाचे वेल लावले. (पुण्यामुंबईच्या वाचक भगिनींसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि पोपट म्हणजे वालाच्या जातीच्या शेंगा!) एका वर्षी एक गोष्ट, यापेक्षा जास्त आम्हांला झेपत नव्हतं. पैसा माझ्या तासांचाच. तो किती असतो हे तासिकेवर काम करणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

तिसरं वर्ष २०२३ चं. पाऊसपाणी बरं झालं. आमच्या भागातली धानशेती मामा तलावांवर चालते, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले हे तलाव अजून बांध्या भिजवतात. आमची जमीन तलावाच्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला. त्यामुळं पाणी पोचलं तर पोचलं. त्या वर्षी ते पोचलं. एचएमटी धान असा भरला होता, की मामीजी रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या.

आणि तेव्हाच दिवाळीला भासरे आले. रस्त्यालगतच्या जमिनीला गिऱ्हाईक होतं. प्लॉट पाडणारा माणूस पाच एकर एकत्र मागत होता. सांगितलेला आकडा ऐकून हे गप्प झाले. खरं सांगते, मीही झाले. मुलीची दहावी दोन वर्षांवर, घर भाड्याचं. जाऊबाईंनी तर हिशेबही मांडून दाखवला. विक्रीला मामीजींची सही लागणार होती. त्या म्हणाल्या, ‘‘यंदाचा धान घरात येऊ द्या. मग बोलू.’’

म्हणजे त्या पिकावर नुसतं पीक नव्हतं, पुढचं सगळंच होतं. आणि अशा वेळी मी काय करावं? त्या दिवाळीत ताडपत्री घ्यायची असं यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, पावसाळा तर संपला, पुढच्या वर्षी घेऊ. त्या पैशांत मी सोफ्याची कव्हरं आणली. मरून रंगाची, कशिद्याची. ती कव्हरं आजही आहेत. त्यांच्यावर बसताना मला अजून कसंतरीच होतं.

कापणी २४ नोव्हेंबरला सुरू झाली. आमच्याकडे धान कापून तिथंच बांधीत पसरून ठेवतात, त्याला कडपा म्हणतात. तीन-चार दिवस उन्हात वाळल्या की भारे बांधायचे, पुंजणं रचायचं आणि मग सवडीनं चुरणी. जंगलाकडची एक लहान बांधी तेवढी कापायची राहिली. त्या बाजूला वाघ दिसल्याची खबर होती. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ काही नवे नाहीत. कापणीच्या बायका घोळक्यानं येतात, ऊन कलायच्या आत घरी जातात. त्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘तिकडं आमी जात नाही बाई, धान तुमचा आनि जीव आमचा.’’ मी मनातून चिडले. आता त्या चिडण्याची लाज वाटते, आणि त्या वाघाचे तर उपकारच मानायला हवेत! ते पुढे सांगते.

सोमवारी, २७ तारखेला कार्तिकी पौर्णिमा होती. मुलींकडून वहीत निबंध लिहून घेत होते, तोच खिडकीबाहेर आभाळ काळं होऊ लागलं. त्या दोन-तीन दिवसांत महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस झाला, कुठं गाराही पडल्या. आमच्याकडे रात्री सुरू झाला. श्रावणातल्यासारखा. छपरावर पडणारा आवाज ऐकत आम्ही दोघं अंधारात जागे होतो. एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ताडपत्रीचा विषय यांनी काढला नाही, आणि ते जास्त लागलं.

सकाळी शाळेत रजा कळवून निघालो. बांधीत घोट्याएवढं पाणी. तीन दिवसांपूर्वीच्या सोनेरी कडपा त्यात पालथ्या पडलेल्या, काळपट. मी धुऱ्यावर बसून रडायला लागले. शेजारच्या बांधीतल्या आजी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आपला धान उचलत होत्या. त्यांनी एकदा पाहिलं नि तिथूनच ओरडल्या, ‘‘रडत कायले बसली वं? तू रडून पानी आटनार हाय का? धान उचल, धुऱ्यावर टाक. लोंब वर, बुडखा खाली!’’

त्या दिवशी मी शेती शिकले असं म्हटलं तरी चालेल. आधी बांधीचं तोंड फोडून पाणी काढून दिलं. मग एकेक कडपा उचलून, निथळून, लहान लहान पेंढ्या बांधून धुऱ्यावर उभ्या केल्या. ओला धान पालथा पडून राहिला तर दोन-तीन दिवसांत दाण्याला तिथंच कोंब फुटतो. उभा राहिला तर वारा लागतो. दुपारी यांना एका ओळखीच्या कृषी सहायकानं फोनवर सांगितलं, की लिटरला ५० ग्रॅम मीठ घालून ते पाणी कडपांवर फवारा, कोंब फुटायचे थांबतात. गावातल्या दुकानात जेवढं मीठ होतं तेवढं उचललं. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो मीठ लागतं. दुकानदार म्हणाला, लोणचं घालता का मॅडम?

आणि ७२ तासांची धावपळ. त्या वर्षी राज्यात एका रुपयात पीक विमा होता, तो आम्ही काढला होता. पण तेव्हा नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, फोटोसकट. शेतात फोनला रेंज नाही. हे फोटो काढायचे, स्कूटरवर बसून गावाबाहेरच्या चढावर जायचे, तिथं रेंज मिळाली तर अर्धा फॉर्म भरेपर्यंत जायची. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला अर्ज गेला. विम्याची रक्कम पुढे आली. किती, ते विचारू नका. पण बहिणींनो, तुमच्या घरी शेती असेल तर विम्याचे त्या त्या वर्षीचे नियम नि मुदत पाठ करून ठेवा. घरातला पुरुष बाहेरगावी असतो आणि मुदत नेमकी तेव्हाच संपते.

जरा ऊन पडलं, पेंढ्या वाळत आल्या, तोच ‘मिचाँग’ चक्रीवादळ. ते ५ डिसेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पाऊस आमच्या अंगणात! समुद्र बघायला आम्हांला दोन रात्रींचा प्रवास करावा लागतो, पण समुद्रावरची वादळं मात्र बिनबोभाट घरी येतात. या वेळी मात्र आम्ही तयार होतो. ताडपत्री उसनवारीची मिळाली, घरातली जुनी लुगडी, चादरी, खताच्या पिशव्या उसवून शिवलेले पडदे, जे हाती लागलं त्यानं झाकलं.

शेवटी डिसेंबर अर्धा उलटल्यावर चुरणी झाली. दर वर्षी आमच्या वाट्याच्या अडीच एकरांत साधारण तीस क्विंटल व्हायचा. या वेळी एकोणीस भरला, त्यातलाही पाच क्विंटल डागी. खरेदी केंद्रावर नेला तर ओलावा मोजायच्या यंत्रानं २१ दाखवला. १७ टक्क्यांच्या वर ओलावा असला की हमीभावानं घेत नाहीत. त्या वर्षी ‘अ’ प्रतीच्या धानाला क्विंटलमागं २,२०३ रुपये भाव होता. पोती परत आणली. मामीजींनी अंगणात शेण सारवलं, धान पसरला नि चार दिवस तो पायानं उलटापालटा करत राहिल्या. रोज संध्याकाळी एक दाणा दाताखाली धरायच्या. दबला तर ‘नाही अजून’. पाचव्या दिवशी ‘कट्’ असा आवाज झाला. ‘‘ने आता,’’ म्हणाल्या. केंद्रावर यंत्रानं साडेसोळा दाखवला! यांनी ते घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्या हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, ‘‘यंत्राले दात कुठं हाय?’’

आता त्या जंगलाकडच्या बांधीविषयी. वाघाच्या भीतीनं जी कापायची राहिली, ती उभीच होती. पावसानं थोडी कलली, पण पाण्यात पडली नाही. सगळ्या शेतात तेवढाच धान स्वच्छ, पिवळाधमक होता. चक्रीवादळाचा पाऊस ओसरल्यावर, ऊन पाहून, ढोल वाजवत, आम्ही घरच्यांनीच तो कापला. मी तो वेगळा चुरून विकायच्या पोत्यांत टाकणार होते, कारण चांगला भाव त्यालाच. मामीजी मध्ये पडल्या. ‘‘हा विकायचा नाही. हा बियान्याचा.’’

मी म्हटलं, बियाणं काय, जूनमध्ये दुकानात मिळतं.

त्या म्हणाल्या, ‘‘दुकानात येते कुठून? दादाजीनं दुकानातून आनलं होतं का?’’

दादाजी म्हणजे दादाजी खोब्रागडे. आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली स्वतःच्या शेतातल्या ‘पटेल-३’ वाणाच्या धानात त्यांना काही लोंबा निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कुणी कापून टाकल्या असत्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध एवढ्याशा जागेत लावल्या, जनावरांपासून राखायला भोवती काट्याचं कुंपण केलं. असं वर्षामागून वर्ष निवडत निवडत बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार झाला. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, व्यापाऱ्यांनी त्या धानाला तेच नाव देऊन टाकलं. आज तुमच्या किराणा दुकानात ‘एचएमटी’ म्हणून जो तांदूळ मिळतो, तो हा. पुढे त्यांनी ‘नांदेड चिन्नोर’, ‘डीआरके’ असे आणखी वाण काढले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांना पुरस्कार मिळाला, २०१० साली ‘फोर्ब्स’ मासिकानं त्यांचं नाव छापलं. पैसा मात्र इतरांनी केला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हाही घरची परिस्थिती बेताचीच होती.

ही माहिती मला होती. वर्गात मुलींना मी ती सांगितलीही होती, दर वर्षी, फळ्यावर साल लिहून. पण मामीजी बोलल्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं, की ही पाठ सांगायची गोष्ट नाही. तो धान माझ्या समोर सुपात होता.

मग डिसेंबरच्या दुपारी आम्ही सासवासुना अंगणात बसून लोंबा निवडायचो. सारख्या उंचीच्या, भरलेल्या, रोग नसलेल्या. हातानं झोडपून दाणे काढले. साठ किलो निघाले. वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून बांबूच्या ढोलीत भरले, वरून शेणमातीनं तोंड लिंपलं. जानेवारीत मी त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून शाळेत नेले. आठवीच्या मुलींनी सातव्या दिवशी मोजणी केली. ८६ उगवले होते. ऐंशीच्या वर असलं की बियाणं चांगलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वर्गातल्या सर बघायला आले, मराठीच्या तासाला हे काय चाललंय म्हणून.

पावसानं सगळंच बिघडवलं असंही नाही. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात आम्ही लाखोळी फेकली होती. खालच्या बांधीतली पाण्यानं सडली, पण वरच्या दोन बांध्यांत ओल टिकून ती अशी तरारली, की हिरवी शालच अंथरली! लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी हिवाळाभर खाल्ली, वाळवून डबाही भरला. तिची डाळ मात्र जपून खावी. रोज नि तीच एक डाळ खाल्ली तर पायातली शक्ती जाते, हे आपल्या भागात पूर्वी घडलेलं आहे. भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकून द्यावं, आणि दुसऱ्या डाळींबरोबर, कधीमधीच करावी.

डागी धानाचं काय करायचं हा प्रश्न होता. गिरणीतून तांदूळ आणला तो पिवळसर, निम्म्याहून जास्त कणी. कोंब फुटलेला नि वास येणारा भाग कोंबड्यांना गेला. बाकीचा धुऊन, वाळवून, दळून आणला नि पापड केले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायकांपुढे ठेवले. एकजण नाक मुरडून म्हणाली, ‘भिजक्या धानाचे का?’ मी काहीच बोलले नाही. पण त्या आठवड्यात मी साधनाताई आमटे यांचं ‘समिधा’ पुन्हा वाचत होते. आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला, १९५१ साली खडकाळ जमिनीवर बाबांनी नि त्यांनी सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय नि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू केलं. भाजी पिकली, दूध निघालं, पण गावात घेईना कुणी. १९५४ मध्ये परदेशातली तरुण मुलंमुली श्रमदानाला येऊन तिथं राहिली, तिथलंच जेवली, तेव्हा कुठं गावाची भीती गेली. कुठं ते डोंगराएवढं दुःख नि कुठं माझे पापड! तुलनाच नको. पण पिकवलेलं कुणी हातात घेत नाही तेव्हा पोटात काय होतं, ते त्या एका क्षणी मला कळलं. असो. पापड तळल्यावर चांगले फुलले, नि त्याच बाईंनी दोन किलो मागून नेले.

त्या संक्रांतीला मी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे दिले नाहीत. कागदाच्या पुड्यांत पोपटाचं, वांग्याचं नि सांबाराचं घरचं बी दिलं. ‘वाण द्यायचं तर खरंखुरं वाण दे,’ असं हे गमतीनं म्हणाले होते, म्हणून! आता कॉलनीतल्या तीन घरांच्या गच्चीवर आमच्या मामीजींच्या पोपटाचे वेल आहेत.

फेब्रुवारीच्या १०-१२ तारखेला पुन्हा पाऊस नि विदर्भात बऱ्याच ठिकाणी गारा. आमची लाखोळी शेंगांवर होती. थोडी गेली, बरीच राहिली. खोपडीचं छप्पर मात्र उडालं. त्या दिवशी हे छपरावर चढून नवं तणस बसवत होते आणि खाली उभी राहून मी पेंढ्या देत होते. भासऱ्यांचा फोन आला. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. यांनी वरूनच सांगितलं, ‘‘दादा, तुमच्या वाट्याचं तुम्ही ठरवा. आमचं आम्ही करतो आहोत.’’ असं ते आयुष्यात प्रथमच म्हणाले.

भासरे रागावले. मामीजींना त्यांनी विचारलं. मामीजींनी थोरल्याला दुखवलं नाही. रीतसर वाटणी करून दिली, रस्त्याकडचे दोन एकर त्यांच्याकडे, बाकीचे तीन आमच्याकडे. एकत्र पाच एकर मिळेनात म्हणून प्लॉटवाला निघून गेला. भासऱ्यांनी आपले दोन एकर पुढे कुणाला तरी ठेक्यानं दिले. आमच्यातलं बोलणं पुष्कळ दिवस तुटलं होतं. गेल्या दिवाळीला जाऊबाई आल्या, तांदूळ घेऊन गेल्या. एवढं झालं, पुष्कळ झालं.

वाटणीच्या त्या दिवसांतच एका रात्री मामीजी आणि मी चुलीजवळ बसलो होतो. त्या म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्सं रोवना केला या बांधीत. कंबरेत वाकून वाकून. सातबाऱ्यावर माह्यं नाव चढलं, तवा तुहे मामाजी नव्हते. कुंकू गेलं नि नाव आलं.’’ थोडा वेळ थांबून म्हणाल्या, ‘‘तुह्यं असं नोको व्हायले.’’

मला काय बोलावं सुचेना. शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंना विचारलं. त्यांच्याकडून कळलं ते इथं मुद्दाम लिहिते. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. हजारो शेतकरी बायका जमल्या होत्या. त्यातूनच पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. घरधन्यानं आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करायची, ती हयात असताना नि आपण हयात असताना. १९९२ साली राज्य सरकारनंही त्यासाठी परिपत्रक काढलं. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज दिला, तर सातबाऱ्यावर त्याच्या नावाबरोबर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. शेतीच्या बाबतीत आपण इतक्या गोष्टी विचारतो, भाव, खत, बी. ही कधी विचारत नाही.

यांना कसं सांगावं याचा मी आठ दिवस विचार केला. माणूस चांगला आहे म्हणूनच सांगणं अवघड. ‘माझ्यावर विश्वास नाही का,’ असं ते म्हणतील असं वाटत होतं. एका रात्री भांडी घासता घासता, पाठमोरी होऊनच विचारलं. मागून आवाज नाही. वळून पाहिलं तर हे मरून कव्हरांच्या सोफ्यावर बसून पायातला काटा काढत होते. म्हणाले, ‘‘वाटणीचे कागद येऊ दे हातात, मग अर्ज लिहू. तूच लिही, माझं अक्षर वाईट आहे.’’

अर्ज मी लिहिला, त्यांनी सही केली. २०२४ च्या जूनमध्ये ढोलीचं लिंपण फोडलं. बी मिठाच्या पाण्यात टाकलं, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. पोकळ दाणे वर तरंगले ते काढले, बुडालेले दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवले नि पऱ्हे टाकले. पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवं पोपटी गवतासारखं वर आलं. ताडपत्री घेतली आहे, निळी, जाड, वीस बाय तीसची. खोपडीत घडी घालून ठेवली आहे. मामीजी तिच्यावर उंदीर बसू नये म्हणून रोज काठी आपटतात.

सातबारा नंतर महिन्याभरानं आला. यांच्या नावाखाली माझं नाव. माझ्या नावातली एक वेलांटी तेवढी चुकली आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, तोही माझ्याच अक्षरात.